थंडीतला गोल्फ आणि लोकर विणणाऱ्या बायका

मागच्या वेळी आपण सुती कापडाचा इतिहास ऐकला होता. आज लोकरीकडे वळू या. तिच्याकडे जायची वाट मात्र जरा वेगळी आहे, ती गोल्फच्या मैदानावरून जाते.

"गोल्फशी आपलं काय देणंघेणं?" असं कुणीतरी म्हणेलच. टीव्हीवर दिसतो तो खेळ साहेबांचा. हिरवंगार मैदान, हातात लांब काठी, एवढासा चेंडू आणि लांब कुठेतरी जमिनीत केलेला खळगा. कमीत कमी फटक्यांत चेंडू त्या खळग्यात घालायचा, की पुढच्या खळग्याकडे चालायचं. असे अठरा खळगे म्हणजे एक डाव. सगळा डाव पायी खेळला तर सात-आठ किलोमीटरची चाल होते आणि चार तास सहज जातात.

हा खेळ वाढला तो स्कॉटलंडमध्ये. स्कॉटलंड म्हणजे ब्रिटनचा उत्तरेकडचा भाग. तिथली थंडी आपल्या पौष-माघातल्या थंडीसारखी नाही. आपल्याकडे सूर्य वर आला की शाल बाजूला पडते. तिथे डिसेंबरात सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि साडेतीनच्या आसपास मावळतो. दिवस जेमतेम सात तासांचा. दुपारीसुद्धा तापमान सहा-सात अंशांच्या वर फारसं जात नाही. वर समुद्रावरचा वारा आणि बारीक पाऊस. अशा हवेत चार तास उघड्यावर राहायचं, तर अंगावर काय घालायचं? आणि ती ऊब तयार कोण करत होतं? या दोन प्रश्नांची उत्तरं शोधायला गेलं की बायकांच्या कष्टाचा मोठा इतिहास हाती लागतो.

हिवाळ्यात का खेळायचे?

आज गोल्फ उन्हाळ्यातला खेळ वाटतो. पण जुन्या स्कॉटलंडमध्ये तो मुख्यतः थंडीच्या दिवसांत खेळला जाई. कारण अगदी साधं होतं, गवत. गवत कापायचं यंत्र इंग्लंडमध्ये १८३० साली निघालं. त्याआधी मैदान कापायला मेंढ्या आणि ससे. उन्हाळ्यात गवत गुडघ्यापर्यंत वाढे आणि चेंडू हरवून जाई. थंडीत गवत झोपलेलं, जमीन कडक, त्यामुळे खेळायला सोयीचं. समुद्रकाठच्या वाळूच्या पडीक जमिनीवर हा खेळ चाले. ती जमीन शेतीला निकामी होती, गावाची सामायिक होती. तिथे कुणी मेंढ्या चारी, कुणी कपडे वाळत घाली, कुणी चेंडू मारी.

खेळाचं वेड इतकं होतं, की १४५७ साली राजा दुसरा जेम्स याच्या काळात तिथल्या संसदेने गोल्फ आणि फुटबॉलवर बंदी घातली. लोकांनी धनुष्यबाणाचा सराव करावा, खेळात वेळ घालवू नये, असा हेतू होता. लोकांनी ऐकलं नाही, कारण तीच बंदी पुढे १४७१ आणि १४९१ मध्ये पुन्हा घालावी लागली.

राणी मेरीचंही नाव या खेळाशी जोडलेलं आहे. १५६७ च्या फेब्रुवारीत तिच्या नवऱ्याचा खून झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गोल्फ खेळत होती, असा आरोप तिच्या विरोधकांनी केला. आरोप खरा होता की राजकारण, यावर इतिहासकार अजून वाद घालतात. आपण त्यातून एवढं घ्यायचं, की ऐन फेब्रुवारीच्या थंडीत एक बाई गोल्फ खेळते, ही गोष्ट त्या काळच्या लोकांना अशक्य वाटली नाही.

थंडी अंगात कशी शिरते

पुढचं समजायला थोडं शास्त्र लागेल. मैत्रिणींनो, कपडा स्वतः गरम नसतो. ऊब आपल्या शरीराची असते, कपडा ती फक्त धरून ठेवतो. तीसुद्धा खरं तर कपडा धरत नाही, कपड्यात अडकलेली हवा धरते. म्हणून एका जाड कपड्यापेक्षा दोन पातळ कपडे बऱ्याचदा जास्त ऊब देतात, कारण दोन्हींच्या मध्ये हवेचा एक थर तयार होतो.

या उबेचे दोन चोर आहेत. एक वारा, तो अडकलेली हवा उडवून नेतो. दुसरी ओल. ओल्या कपड्यात हवेची जागा पाणी घेतं, आणि पाणी अंगातली उष्णता फार लवकर ओढून नेतं. सुती कपडा पाणी पितो आणि अंगाला चिकटतो, म्हणून उन्हाळ्यात तो सुखाचा आणि ओल्या थंडीत घातक. लोकरीचं तसं नाही. लोकरीचा केस नागमोडी असतो, त्यामुळे त्यात हवा अडकून राहते. शिवाय स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओल पोटात घेऊनही लोकर हाताला ओली लागत नाही. धनगराची घोंगडी पावसात का चालते, याचं उत्तर यातच आहे.

गोल्फची अडचण अशी, की त्यात माणूस सतत हलत नाही. चालताना घाम येतो, मग दुसऱ्याचा फटका होईपर्यंत उभं राहायचं, की तोच घाम थंड होतो. शिवाय फटका मारायला खांदे मोकळे हवेत, म्हणजे नुसतं जाडजूड गुंडाळून चालत नाही. आणि बोटं बधिर झाली तर काठीवरची पकड जाते. अंग उबदार, हात मोकळे, आतला घाम बाहेर आणि बाहेरचा वारा बाहेरच, इतक्या गोष्टी एकाच वेळी साधायच्या. नीट पाहिलं तर पहाटे शेतात राबणाऱ्या कुठल्याही बाईची गरज हीच असते.

चेंडूलाही थंडी बाधते. १८४८ च्या सुमारास गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकाचे चेंडू आले. ते स्वस्त होते, पण कडक थंडीत ठिसूळ होऊन फुटत. बर्फात पांढरा चेंडू दिसेना म्हणून तो लाल रंगवत. आजचे चेंडूसुद्धा थंडीत कमी उसळतात आणि थंड हवा दाट असल्यामुळे कमी लांब जातात. आजच्या नियमांत एक गंमत आहे. डाव चालू असताना हात शेकून घ्यायला परवानगी आहे, चेंडू मुद्दाम गरम करायला नाही.

टोपली आणि शाल

आता मसलबर्ग या गावी जाऊ या. एडिनबर्ग शहरापासून हे दोन-अडीच तासांच्या पायी वाटेवरचं समुद्रकाठचं गाव. इथल्या कोळणी प्रसिद्ध होत्या. पुरुष मासे धरून आणत. ते मोठ्या टोपलीत भरून, पाठीवर घेऊन, टोपलीचा पट्टा कपाळाला लावून या बायका शहरात जात आणि दारोदार विकत. भाव त्या ठरवत, पैसे त्यांच्या हातात येत, घराचा व्यवहार त्या बघत.

तिथल्या परिसरातले धर्मगुरू अलेक्झांडर कार्लाइल यांनी १७९० च्या दशकात या बायकांबद्दल लिहून ठेवलं आहे. या बायका पुरुषांची कामं करतात, ताकदीनेही तशाच आहेत, असं ते सांगतात. सुट्टीच्या दिवशी त्या गोल्फ खेळत, असंही त्यांनी नोंदवलं आहे. दर वर्षी एका ठरलेल्या सणाला लग्न झालेल्या आणि न झालेल्या बायकांचा फुटबॉलचा सामना होई, आणि त्यात लग्न झालेल्या नेहमी जिंकत!

डिसेंबर १८१० मध्ये मसलबर्गच्या गोल्फ क्लबच्या पुरुषांनी आपल्या वहीत एक ठराव लिहिला. येत्या जानेवारीत, जुन्या पंचांगाच्या नववर्षाच्या दिवशी, जी कोळीण सर्वांत चांगला गोल्फ खेळेल तिला वर्गणीतून एक छानशी नवी टोपली आणि एक शाल बक्षीस द्यायची. त्यावर बार्सिलोनाचे दोन उत्तम रेशमी रुमाल. क्लबच्या माणसाने ही बातमी कोळणींना कळवायची. बायकांच्या गोल्फ स्पर्धेची ही सर्वांत जुनी लेखी नोंद म्हणून ओळखली जाते.

बक्षीस काय, तर टोपली! आपल्याकडे हळदीकुंकवाच्या वाणात डबा नाहीतर गाळणी मिळते, त्यातलाच प्रकार. म्हणजे खेळात जिंकलीस तरी उद्या कामाला लाग. पण शाल मात्र जानेवारीच्या वाऱ्यात खरोखर उपयोगाची होती.

या कोळणींचा पोशाख बघण्यासारखा होता. एकावर एक असे कितीतरी घागरे. त्यातले वरचे पट्ट्यापट्ट्यांचे घागरे त्या उचलून कमरेशी खोचत. त्यामुळे कमरेभोवती जाड गादी तयार होई. तिच्यावर टोपलीचा भार टेकायचा आणि पाठीला ऊबही मिळायची. घागरा पोटरीपर्यंतच आल्यामुळे पाय मोकळे आणि काठ ओला होत नसे. अंगावर शाल, ती छातीवर आडवी घेऊन मागे बांधलेली, म्हणजे हात मोकळे. आपल्याकडे कामाला निघताना बाई काष्टा घालते, पदर कमरेला खोचते, तसंच हे. थंडीत खेळायचे जे कपडे पुढे शंभर वर्षं खपून शोधले गेले, त्यातल्या बऱ्याच युक्त्या या बायकांना कामामुळेच माहीत होत्या.

बड्या घरच्या बायका आणि त्यांचे घागरे

पुढे १८६७ साली सेंट अँड्र्यूज या गावी बड्या घरच्या बायकांचा गोल्फ क्लब निघाला. पण त्यांना खेळायला दिला एक छोटा तुकडा, जिथे चेंडू फक्त हळूच ढकलायचा. कारण? बाईने काठी खांद्याच्या वर उचलणं शोभत नाही. त्या काळच्या एका नामांकित गोल्फ पुस्तकात, १८९० साली, एका न्यायाधीश लेखकाने बायकांचा फटका ७०-८० यार्डांपलीकडे जाऊ नये असं सुचवलं. अंगात ताकद नाही म्हणून नव्हे, तर जास्त लांब मारायला हात खांद्यावर न्यावे लागतात आणि त्या पोशाखात ते बरं दिसत नाही म्हणून.

पोशाख बदला, असं कुणी म्हणालं नाही. फटका लहान करा म्हणाले.

तो पोशाख काय होता, ऐका. आत कमर आवळणारा कॉर्सेट, त्यामुळे पूर्ण श्वास घेता येत नसे. गळ्याला कडक कॉलर. डोक्यावर पिनांनी टोचून बसवलेली टोपी, जी वाऱ्यात हलली की केस ओढले जात. आणि पायघोळ स्कर्ट. ओल्या गवतातून चालताना स्कर्टचा काठ पाणी पिई, चिखल उचले आणि जड होई. म्हणून काही बायका काठाला चामड्याची पट्टी शिवून घेत. वाऱ्याने स्कर्ट उडून चेंडू दिसेनासा होई, त्यावर एक युक्ती निघाली. एका अमेरिकन खेळाडू बाईच्या नावावरून तिला 'मिस हिगिन्स' म्हणत. साधा इलॅस्टिकचा पट्टा. चालताना तो कमरेला ठेवायचा, फटक्याच्या वेळी गुडघ्यापर्यंत खाली सरकवायचा, की स्कर्ट जागच्या जागी.

असे सगळे खटाटोप करत बायका खेळत राहिल्या. १८९३ साली त्यांनी आपली संघटना काढली आणि त्याच वर्षी पहिली ब्रिटिश महिला अजिंक्यपद स्पर्धा झाली. ती लेडी मार्गारेट स्कॉट यांनी जिंकली. पुढची दोन वर्षंही त्याच जिंकल्या. काठी खांद्याच्या वर नेऊन.

पण कपड्यांचा धाक लवकर गेला नाही. ऑक्टोबर १९३३ मध्ये इंग्लंडच्या महिला स्पर्धेत ग्लोरिया मिनोप्रिओ नावाची खेळाडू विजार घालून मैदानात उतरली. निळी, अंगाबरोबर बसणारी विजार. वाऱ्यात उडत नाही, काठ ओला होत नाही, पाय उबेत राहतात. ती हरली, पण चर्चा तिच्या विजारीचीच झाली. बायकांच्या संघटनेनेच त्या पोशाखाबद्दल नाराजी व्यक्त केली. पुरुष मात्र तोवर कितीतरी वर्षं गुडघ्याखाली पट्टीत अडकवलेली आखूड विजार आणि लांब लोकरी मोजे घालून आरामात खेळत होते.

ट्वीड कुणी बडवलं

त्या पुरुषांच्या अंगावरचं कापड बहुतेक वेळा ट्वीड असे. ट्वीड म्हणजे जाड, खरबरीत लोकरी कापड. त्यातलं सर्वांत नावाजलेलं हॅरिस ट्वीड, स्कॉटलंडच्या पश्चिमेच्या बेटांवरचं.

तिथले लोक हे कापड घरच्यासाठी कधीपासून विणत होते. १८४० च्या दशकात त्या भागाच्या जमीनदारीण, डनमोरच्या काउंटेस कॅथरीन, यांनी ते श्रीमंत ओळखीच्यांना दाखवलं आणि शिकारीच्या, उघड्यावर फिरण्याच्या कपड्यांसाठी त्याची मागणी वाढली. १८४६ मध्ये बटाट्याचं पीक रोगाने गेलं आणि बेटांवर उपासमार आली. त्या दिवसांत या कापडाने अनेक घरं तगली.

हे कापड बनवणं म्हणजे बायकांच्या कामांची लांब साखळी होती. लोकर धुणं, पिंजणं, कातणं. खडकावरचं दगडफूल खरवडून त्यापासून तपकिरी रंग काढणं. आणि शेवटचं काम बडवण्याचं. विणलेलं कापड शिळ्या मूत्रात भिजवायचं, कारण त्यातल्या अमोनियामुळे तेलकटपणा निघतो आणि रंग पक्का बसतो. मग लांब फळीच्या दोन्ही बाजूंना बायका बसत आणि ओलं कापड तासन्‌तास फळीवर आपटत, फिरवत. त्यामुळे धागे एकमेकांत गुंतून कापड दाट होई आणि त्यातून वारा शिरत नसे. हात एका तालात पडावेत म्हणून गाणी म्हणत. एकीने ओळ घ्यायची, बाकीच्यांनी धरायची. आपल्या जात्यावरच्या ओव्यांप्रमाणेच ही गाणीही आता जपून ठेवावी लागतात, कारण ते काम यंत्राकडे गेलं.

कापडाचं नाव झालं तसा नकली मालही आला. गिरणीत विणलेलं कापड हॅरिसच्या नावाने खपू लागलं. म्हणून १९०९ मध्ये विणकरांच्या बाजूने संघ स्थापन झाला आणि खऱ्या मालावर शिक्का आला. पृथ्वीगोल आणि त्यावर क्रूस, असा तो शिक्का. १९९३ मध्ये ब्रिटिश संसदेने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. त्या बेटांवर, विणकराच्या स्वतःच्या घरी, हाताने विणलेलं असेल तरच त्याला हॅरिस ट्वीड म्हणायचं. आपल्याकडे पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, तशाच जातीची ही गोष्ट.

स्वेटर दिला, चहा मिळाला

आता सर्वांत महत्त्वाचं. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड नावाची बेटं आहेत. तिथल्या मेंढ्यांची लोकर फार मऊ. वसंतात ती लोकर कात्री न लावता हाताने ओढून काढत, कारण ती आपोआप सुटू लागते. तिथल्या बायका इतकी तलम शाल विणत की ती अंगठीतून पार होई.

तिथले पुरुष समुद्रावर. शेती, गुरं, जळण सगळं बायकांकडे. पाठीवर पीट नावाच्या जळणाची टोपली, चालणं चालू, आणि हातात विणकाम. कमरेला एक चामड्याचा पट्टा असे, आत घोड्याचे केस भरलेले आणि वर भोकं. त्यात एक सुई खोचली की एका हाताचा भार कमी होई आणि चालता चालता विणता येई.

पण या विणकामाचे पैसे मिळत नसत. व्यापारी माल घेई आणि बदल्यात चहा किंवा कापड देई. पीठ हवं असेल, भाडं द्यायचं असेल, तर बाईने तो चहा शेजारणीला कमी किमतीत विकायचा आणि रोख उभी करायची. काही वेळा माल नेला की हातात नुसती चिठ्ठी मिळे, तीसुद्धा त्याच दुकानात चालणारी. मालाचा भावही दुकानदार ठरवी आणि चहाचा भावही तोच ठरवी.

मजुरी नाण्यांत द्यावी असा कायदा ब्रिटनमध्ये १८३१ पासून होता. पण तो ठरावीक धंद्यांपुरता. घरी बसून विणणारी बाई कामगार धरलीच जात नव्हती. ती माल विकते, मजुरी करत नाही, असा युक्तिवाद. शेवटी सरकारने चौकशी लावली. जानेवारी १८७२ मध्ये, ऐन थंडीत, लर्विक गावात विल्यम गथ्री या अधिकाऱ्यासमोर साक्षी झाल्या. त्यात विणकाम करणाऱ्या बायका पुढे आल्या आणि किती विणलं, काय मिळालं, पैसे मागितले तर काय उत्तर आलं, हे एकेक करून त्यांनी सांगितलं. त्यांचे शब्द सरकारी अहवालात छापले गेले. आज दीडशे वर्षांनंतर आपल्याला हे कळतं, ते त्या बोलल्या म्हणून. १८८७ च्या सुधारित कायद्यात घरी विणलेल्या लोकरी मालाचाही समावेश झाला. तरी दुकानदारांची सवय लगेच मोडली नाही, पुढच्या शतकातही हा प्रकार रेंगाळला.

याच भागातलं फेअर आयल हे एक चिमुकलं बेट. तिथल्या स्वेटरवर रंगीत नक्षीच्या ओळी असतात. एका ओळीत दोन रंगांचे धागे चालतात. जो धागा वर दिसत नाही तो मागून जातो, त्यामुळे स्वेटर आपोआप दुपदरी होतो आणि जास्त ऊब धरतो. १९२२ साली इंग्लंडचा युवराज सेंट अँड्र्यूजच्या बड्या गोल्फ क्लबचा कॅप्टन झाला, आणि तो असा स्वेटर घालून गोल्फ खेळताना दिसू लागला. झालं! जो तो फेअर आयलचा स्वेटर मागू लागला. युवराजाचं नाव सगळ्यांना माहीत झालं. तो स्वेटर विणणारे हात कुणाचे, हे कुणी विचारलं नाही.

मसलबर्गच्या कोळणी आणि शेटलंडच्या विणकरणी यांची मनात तुलना करून बघा. कष्टात कुणी कमी नाही, कौशल्यातही नाही. पण कोळीण आपला माल स्वतः बाजारात नेई, भाव स्वतः करी आणि रोख घेऊन घरी येई. सुट्टीला काठी घेऊन मैदानात जायचा रुबाब तिच्याकडे होता. विणकरणीचा माल एकाच दुकानात जाई आणि रोख तिला दिसत नसे. मला वाटतं, दोघींच्या आयुष्यातला फरक त्या एका गोष्टीने पडला.

पाऊस अडवणारं कापड

ऊब लोकरीने दिली, पण पावसाचं काय? ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ मध्ये दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर घालून न भिजणारं कापड काढलं. पाणी आत येईना, पण घामही बाहेर जाईना. माणूस आतून ओला व्हायचा. १८७९ मध्ये थॉमस बर्बेरीने गॅबर्डीन काढलं. यात धागाच आधी पाणी सहन करणारा करून घेतला आणि मग वीण घट्ट ठेवली. पाणी वरून ओघळून जाई, वाफ आतून निसटे. गोल्फ खेळणाऱ्यांनी ते उचलून धरलं. आजची चांगली पावसाळी जाकिटं याच तत्त्वावर पुढे गेलेली आहेत.

आपल्या उपयोगाचं

आज थंडीत गोल्फ खेळणारे तीन थर घालतात. अंगालगत पातळ, घाम न धरणारा. त्यावर लोकरीचा. सर्वांत वर वारा अडवणारा. कान झाकतात, हातमोजे फटक्यापुरते काढतात, पायमोजे ओले झाले तर बदलतात आणि सोबत गरम काहीतरी नेतात.

आपल्याला डिसेंबरात पहाटे ऊस तोडायला, पाणी धरायला किंवा भाजी घेऊन बाजाराला जायचं असेल तर हेच लागू पडतं. एक जाड स्वेटर घालून घामाघूम होण्यापेक्षा दोन पातळ घाला. काम सुरू झालं की वरचा काढून ठेवा, थांबलात की लगेच घाला. आतला सुती ब्लाउज घामाने भिजला असेल तर शक्य झाल्यास बदला, कारण खरी थंडी तिथून शिरते. डोकं-कान बांधा. दुचाकीवर मागे बसणारीने वारा अडवणारं काहीतरी सर्वांत वर घ्यावं, स्वेटरमधून वारा आरपार जातो. साडीचा काठ दवात भिजत असेल तर तो वर खोचा.

शेवटी सेंट अँड्र्यूजबद्दल एक सांगायचं राहिलं. ज्या क्लबचा कॅप्टन तो युवराज झाला, त्या क्लबने बायकांना सभासद करून घ्यायचा ठराव केला २०१४ साली. मसलबर्गच्या कोळणींच्या स्पर्धेनंतर दोनशेहून जास्त वर्षांनी. बायका तिथल्या वाऱ्यात खेळत होत्या, खेळणाऱ्यांना ऊब देत होत्या, पण दार उघडायला इतका वेळ लागला.

या वेळच्या बैठकीत गटात एका गोष्टीवर बोला. तुमच्यापैकी कोण शिवण करतं, गोधड्या शिवतं, पापड-लोणची करतं? तो माल कुठे जातो, त्याचा भाव कोण ठरवतं, आणि पैसे रोख व वेळेवर मिळतात की "दुकानातून सामान घेऊन जा" असं उत्तर येतं? प्रत्येकीचं उत्तर गटाच्या वहीत तारीख घालून लिहून ठेवा. शेटलंडच्या बायकांचं म्हणणं सरकारपर्यंत पोचलं, कारण दिलेला माल आणि मिळालेला मोबदला यांचा हिशेब त्यांना तोंडपाठ होता. आपल्याकडे तर वही आहे.